मोज्याखालची टाच

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्याविषयी महाराष्ट्रात पुष्कळ लिहिले गेले. नोव्हेंबर १९७३ मधला तो अमानुष हल्ला, दयामरणाचा खटला, सर्वोच्च न्यायालयाचा ७ मार्च २०११ चा निकाल, मे २०१५ मधला मृत्यू. या सगळ्यात माझे मन दर वेळी एका लहानशा नोंदीपाशी थांबते. निकालाच्या वेळी त्यांना अंथरुणाला खिळून सदतीस वर्षे झाली होती, आणि त्यांच्या अंगावर एकही शय्याव्रण नव्हता.

वकिलाला हा एक तपशील वाटेल. घरात कधी अंथरुणावरचे माणूस सांभाळलेल्याला मात्र तो वाचून आवंढा गिळावा लागेल. शय्याव्रण, म्हणजे आपण बोलताना म्हणतो तो बेडसोअर, हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दबून तिथले रक्त फिरेनासे झाले की होतो. माकडहाड, टाचा, खुबे, कोपरे, डोक्याची मागची बाजू ही त्याची ठरलेली ठिकाणे. तो टाळायचा तर दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, चादरीची सुरकुती काढावी लागते, ओले अंग लगेच कोरडे करावे लागते, पोटात पुरेसे अन्न जावे लागते. दोन तासांच्या नियमाने दिवसाला बारा वेळा. सदतीस वर्षांचा गुणाकार दीड लाखाच्या पुढे जातो. त्यातल्या निम्म्या वेळा रात्रीच्या. इतक्या काळात किती परिचारिका निवृत्त झाल्या असतील, किती नव्या आल्या असतील. सणवार आले, २६ जुलैचा पाऊस आला. रुग्णाला तक्रार करता येत नव्हती. एखादी रात्र चुकली असती तरी कुणाला कळले नसते, कळले असते ते फक्त त्या कातडीला.

ही पुस्तिका अशाच माणसांसाठी आहे, ज्यांना तक्रार करता येत नाही. दीर्घकालीन शुश्रूषा केंद्रे, वृद्धाश्रमांतले आजारी विभाग आणि आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना सांभाळणारी पॅलिएटिव्ह केअर केंद्रे यांची गुणवत्ता आणि सुरक्षितता कशी पारखावी, हे तिच्यात सांगितले आहे. नातेवाइकांना, विश्वस्तांना, तपासणीला जाणाऱ्यांना आणि केंद्रात राबणाऱ्यांनाही ती वापरता यावी अशी तिची मांडणी आहे. माझ्या तरुण सहकाऱ्यांनी प्रस्तावना मागितली तेव्हा मी त्यांना माझ्या आईची हकीकत सांगितली आणि विचारले, जिला घरच्या माणसाचे केंद्र नीट पारखता आले नाही तिने हे लिहावे का? ते म्हणाले, बाई, हीच हकीकत लिहा.

आई शेवटचे अकरा महिने एका खासगी केंद्रात होती. पार्किन्सन्स, त्यात वाढत गेलेला विसर, चालणे बंद. मी आधी वॉर्डात परिचारिका, नंतर परिचर्येची शिक्षिका, त्यामुळे जागा निवडताना स्वतःला जाणकार समजत होते. फरशी लख्ख होती. लिफ्ट होती, भिंतीत ऑक्सिजनची सोय होती, दारात तुळस होती. मी दर रविवारी सकाळी अकराच्या सुमारास जायचे. आई अंघोळ करून, वेणी घालून, पायांत पांढरे मोजे चढवून खुर्चीत बसलेली असायची. मी तिला शिरा भरवायचे, जुनी नावे सांगायचे, कधी ती हसायची. एका गुरुवारी त्या भागात काम निघाले म्हणून दुपारी चारला डोकावले. आई पडून होती. पाय गार लागले म्हणून चोळायला मोजा काढला, तर डाव्या टाचेवर रुपयाएवढी काळी खपली. अशी खपली एका रात्रीत धरत नाही. मागचे दोन-तीन रविवार तरी मी त्या टाचेच्या हातभर अंतरावर बसून परत आले होते.

मी फाइल मागितली. कूस बदलल्याच्या तक्त्यात दर दोन तासांचा रकाना होता आणि प्रत्येक रकान्यात सही होती. घड्याळात चार वाजले होते. सह्या रात्री दहापर्यंतच्या झालेल्या होत्या.

सह्या करणाऱ्या मावशींचा मला राग आला, पण तो टिकला नाही. विचारल्यावर कळले की त्या मजल्यावर एकोणीस रुग्ण आणि पाळीला दोन मावशी, त्यातली एक ब्यूरोकडून त्याच दिवशी आलेली. एकोणिसांपैकी तेरा जणांची कूस दुसऱ्याने बदलायची. दोघींनी मिळून एका माणसाला नीट वळवायचे, ओले आहे का पाहायचे, पाठ पुसायची, उशा लावायच्या, याला आठ मिनिटे धरा. तेरा जणांना एकशे चार मिनिटे. उरलेल्या सोळा मिनिटांत भरवणे, बेडपॅन, डायपर, घंटा वाजली की धावणे, आणि लगेच दुसरी फेरी. हा हिशेब कुठल्याच मावशींना जमणारा नव्हता. तक्ता खोटा होता खरा, पण तो खोटा होणार हे माणसे नेमतानाच ठरून गेले होते.

बैरूतमध्ये जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत शिकवणारे डॉक्टर अवेदिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये आरोग्यसेवेची गुणवत्ता पाहण्याच्या तीन जागा सांगितल्या: रचना, प्रक्रिया, परिणाम. इमारत, उपकरणे आणि माणसे ही रचना. माणसे प्रत्यक्ष काय करतात ती प्रक्रिया. रुग्णाचे काय झाले तो परिणाम. मी ही त्रयी वर्गात वर्षानुवर्षे शिकवली होती. आईच्या बाबतीत मी फरशी आणि लिफ्ट पाहून रचना झाली असे मानले, त्या रचनेतली माणसे मोजली नाहीत, प्रक्रियेची पारख कागदावर सोपवली, आणि परिणाम मोज्याखाली होता.

जगातल्या पुष्कळ देशांनी हा धडा फार मोठ्या किमतीला घेतला आहे. अमेरिकेत नर्सिंग होममधल्या दुरवस्थेवर १९८६ मध्ये मोठा अहवाल आला, १९८७ मध्ये कायदा झाला, प्रत्येक रहिवाशाची ठरलेल्या नमुन्यात नोंद सुरू झाली, आणि २००८ पासून केंद्रांना एक ते पाच तारे मिळू लागले. पण ताऱ्यांमागची बरीच माहिती केंद्रे स्वतःच भरून देत. आपलाच पेपर आपणच तपासायचा, असा तो प्रकार. कर्मचाऱ्यांची संख्या पगारपत्रकावरून ताडून घेण्याची पद्धत तिथे पुष्कळ नंतर आली.

इंग्लंडचे उदाहरण मला अधिक अस्वस्थ करते, कारण तिथे हेतू चांगला होता. मरणाच्या दारातल्या माणसाला हॉस्पिसमध्ये जी हळुवार काळजी मिळते ती साध्या रुग्णालयातही मिळावी म्हणून लिव्हरपूलमधल्या एका रुग्णालयाने आणि एका हॉस्पिसने १९९० च्या दशकाच्या अखेरीस एक कार्यपद्धती लिहून काढली. नको असलेल्या तपासण्या थांबवा, तोंड ओले ठेवा, वेदना पाहा, कुटुंबाशी बोला, अशी ती यादी होती. ज्यांना ही काळजी आधीच येत होती त्यांच्या हातात ती उत्तम चालली. जिथे येत नव्हती तिथे यादीच काळजी होऊन बसली. आम्हाला न सांगता आमच्या माणसाला त्या यादीवर घातले, तहान लागलेली असताना पाणी दिले नाही, असे नातेवाईक सांगू लागले. ब्रिटिश सरकारने चौकशी बसवली, बॅरोनेस न्यूबर्गर यांच्या समितीने २०१३ मध्ये ही पद्धत मोडीत काढायला सांगितले आणि वर्षभरात ती गेली. ज्या पानावर 'तोंडाची काळजी घेतली' या ओळीपुढे खूण असते त्याच पानाच्या शेजारी कोरडी पडलेली जीभ असू शकते. आमच्या पुस्तिकेलाही हाच धोका आहे. तो मी सहकाऱ्यांना पहिल्या बैठकीत सांगितला आणि इथे वाचकांनाही सांगते.

ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये वृद्धसेवेच्या गुणवत्ता आणि सुरक्षिततेवर शाही आयोग नेमला. २०१९ च्या अंतरिम अहवालाला आयोगाने 'दुर्लक्ष' या अर्थाचे एकाच शब्दाचे नाव दिले. मार्च २०२१ मध्ये अंतिम अहवाल आला, त्यात १४८ शिफारशी होत्या. त्यातून निघालेली एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते: तिथे आता काळजी मिनिटांत मोजतात. ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक रहिवाशामागे दिवसाला सरासरी २१५ मिनिटे, त्यातली ४४ नोंदणीकृत परिचारिकेची. आईच्या मजल्यावरचा माझा एकशे चार मिनिटांचा हिशेब आणि हा हिशेब एकाच जातीचे आहेत. तिथे तो सरकार आधी मांडते, मी तो खपली धरल्यावर मांडला.

आपल्याकडे काय आहे? २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० जणांचा वृद्धाश्रम असावा असे कलम आहे. १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे. पण वृद्धाश्रम म्हणून चालणाऱ्या कित्येक जागांत नाकातली नळी असलेले, कॅथेटर लावलेले, पाठीच्या जखमेला रोज ड्रेसिंग लागणारे रुग्ण असतात. काम शुश्रूषागृहाचे, ओळख मात्र आश्रमाची. या केंद्रांची नोंदणी आणि किमान मानके यांची तरतूद असलेले दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आले होते, ते कायद्यापर्यंत पोहोचले नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातली जवळपास दहा टक्के माणसे साठी ओलांडलेली होती. मुले पुण्या-मुंबईत, नाहीतर परदेशी. म्हणून आज तरी अनेक ठिकाणी खरा तपासनीस म्हणजे रविवारी अकरा वाजता येणारे नातेवाईक. त्यांच्या हातात काहीतरी द्यावे, एवढ्यासाठी हा खटाटोप.

या पुस्तिकेतली सर्वांत उपयोगी गोष्ट माझ्या मते 'शून्याची चौकशी' या नावाचे प्रकरण आहे. शानबागांच्या अंगावरचे शून्य व्रण हे कमावलेले शून्य होते. सगळी शून्ये तशी नसतात.

पडण्याचे शून्य घ्या. 'आमच्याकडे वर्षभरात कुणीही पडले नाही' असे एखादे केंद्र अभिमानाने सांगते. मग संध्याकाळी जाऊन पाहावे की कुणाला उठू तरी देतात का. पलंगाचे कठडे वर, खुर्चीला ओढणीने बांधलेली कंबर, नळी ओढू नये म्हणून बँडेजने पलंगाला जखडलेले हात. नातेवाइकांची सहमती असतेच, कारण त्यांना 'सुरक्षिततेसाठी' असे सांगितलेले असते. बांधलेले माणूस पडत नाही. त्याचे स्नायू वितळतात, त्याला न्यूमोनिया होतो, त्याच्या पाठीला जखमा होतात, आणि ते आतून खचते. दोरी दिसत नसेल तर दुपारी तीनला दिवाणखान्यात सगळे एकदम पेंगत आहेत का ते पाहा. विस्मृतीच्या रुग्णांना शांत ठेवायला दिल्या जाणाऱ्या मनोविकाराच्या काही औषधांनी त्यांच्या मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला आहे. पहाटे अंगणात जाऊन देवासाठी चार जास्वंदी तोडणारे आजोबा कधीतरी पडतीलही. त्यांना हात धरून अंगणात नेणारे केंद्र मला त्यांना पलंगावर सुखरूप ठेवणाऱ्या केंद्रापेक्षा चांगले वाटते. या मतावर आमच्यात वाद झाला आणि तो वाद पुस्तिकेत तसाच ठेवला आहे.

मॉर्फिनचे शून्य तर अधिक क्रूर. सिसिली सॉंडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट क्रिस्टोफर हॉस्पिस काढले. त्या स्वतः परिचारिका, समाजसेविका आणि डॉक्टर अशा तिन्ही भूमिकांतून गेल्या होत्या. शरीराचे दुखणे, मनाचे, पैशाचे, नात्यांचे आणि देवाशी असलेल्या भांडणाचे दुखणे ही एकाच वेदनेची अंगे आहेत, असे त्यांनी शिकवले. १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन सुरू झाले, भारतातले पहिले हॉस्पिस. १९९३ मध्ये कोझिकोडला केरळमधल्या पॅलिएटिव्ह केअरच्या कामाची सुरुवात झाली, १९९७ मध्ये पुण्यात वारज्याला सिप्लाचे केंद्र उभे राहिले. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगभरात ज्यांना ही सेवा हवी त्यांतल्या जेमतेम १४ टक्क्यांना ती मिळते. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या धाकाने मॉर्फिन दुकानांतून आणि रुग्णालयांतून जवळजवळ नाहीसे झाले. २०१४ च्या दुरुस्तीने वाट मोकळी केली, पण धाक मनातून गेला नाही. म्हणून कपाटाला कुलूप आहे, रजिस्टर चोख आहे, शिल्लक बरोबर जुळते आणि महिनोन्महिने एकही गोळी दिलेली नाही, असे कॅन्सरच्या रुग्णांचे केंद्र दिसले की मी हादरते. ते कुलूप सुरक्षित असेल; आतल्या पलंगावर कुणीतरी उशी चावत रात्र काढत असेल. आणि मॉर्फिन चालू असेल तर सोबत पोट साफ होण्याचे औषध आहे का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. ते नसेल तर औषध कुणीतरी पुस्तक न उघडता लिहिलेले आहे. सावकाश सुटणारी मॉर्फिनची गोळी नळीतून द्यायला कुटली जाते का, हेही पाहा. कुटली तर बारा तासांचा डोस एकदम अंगात जातो.

वेदना मोजायची कशी? बोलणाऱ्याला शून्य ते दहा विचारता येते. कॅनडातल्या एडमंटनहून १९९१ मध्ये आलेली मोजपट्टी दुखणे, थकवा, मळमळ, धाप, चिंता अशा एकेका त्रासाला असे अंक देते. विस्मृतीत बुडालेल्या आजींना 'दहापैकी किती' विचारून उपयोग नाही. त्यांच्यासाठी श्वास, आवाज, चेहरा, अंगाची ठेवण आणि समजावल्यावर त्या शांत होतात का, या पाच गोष्टी पाहायच्या. आमच्या मावशींना मोजपट्टीचे नाव माहीत नसते, पण 'आज आजी कूस बदलताना कण्हतात' हे त्याच पहिल्यांदा सांगतात. चांगल्या केंद्रात हे वाक्य सिस्टरांपर्यंत आणि तिथून डॉक्टरांपर्यंत त्याच दिवशी पोहोचते. वाईट केंद्रात मावशींना पाळी बदलताना बोलायची मुभाच नसते.

शेवटच्या दिवसांविषयी एक सावधगिरीही लिहायला हवी. शरीर मिटू लागले की उत्तम शुश्रूषेतही कातडी फुटू शकते. हॉस्पिसमध्ये मृत्यू मोजून काही कळत नाही, तिथे माणसे शेवटासाठीच आलेली असतात. वजन घटले म्हणूनही कुणाला दोषी धरता येत नाही. तिथे जखमेविषयीचे प्रश्न वेगळे: ती आधी कुणी पाहिली, घरच्यांना सांगितली का, ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी वेदनाशामक दिले का.

तिसरे शून्य तक्रारींचे. त्याविषयी फार लिहीत नाही. 'उद्या आईला त्यांच्याच हातात ठेवून जायचे आहे,' हे वाक्य मी इतक्या नातेवाइकांच्या तोंडून ऐकले आहे, आणि त्या गुरुवारी माझ्याही मनात तेच होते.

प्रत्यक्ष पाहणीचा भाग वाचकांनी सावकाश वाचावा. परदेशी पुस्तकांत 'कातडी लाल दिसते का' असे विचारलेले असते आणि चित्रे गोऱ्या अंगाची असतात. आपल्या सावळ्या-काळ्या कातडीवर ती पहिली लाली दिसतच नाही. आपल्याला हाताने पाहावे लागते: आजूबाजूपेक्षा ती जागा गरम किंवा गार आहे का, कडक किंवा पिठासारखी मऊ लागते का, तिथे हात लावला की माणूस अंग चोरते का. एअर बेड पाहिला की समाधान मानू नये. पंप चालू आहे का, त्याचे बटण रुग्णाच्या वजनावर लावले आहे का, ते वाकून पाहावे. पाण्याचा पेला हाताशी पोहोचतो का? रात्री डायपर भिजू नये म्हणून सहानंतर पाणी बंद करतात का? हा प्रकार मी अनेक ठिकाणी पाहिला आहे, आणि त्यातून लघवीचा जंतुसंसर्ग, मग भ्रम, मग 'आजोबा रात्री फार त्रास देतात' आणि मग झोपेची गोळी, अशी साखळी तयार होते. भरवताना माणसाला नीट उठवून बसवतात का, की आडवेच ठेवून चमचा तोंडात घालतात? चष्मा, कवळी, कानातले यंत्र माणसाच्या अंगावर आहे की कपाटाच्या खणात?

आणि वेळ बदला. जमले तर संध्याकाळी साडेसातला जा, पाळी बदलताना.

आमच्या गटातल्या काहींना वाटत होते की शेवटी शंभरपैकी गुण निघावेत, म्हणजे केंद्रांची तुलना करता येईल. मी त्याला शेवटपर्यंत विरोध केला. आईच्या केंद्राला मी कुठल्याही रविवारी नक्की नव्वदच्या वर गुण दिले असते. गुणांची बेरीज केली की चांगल्या फरशीचे गुण वाईट टाचेला झाकून टाकतात. सहकाऱ्यांनी ऐकले. पुस्तिकेत बेरजेचा रकाना नाही. प्रत्येक प्रश्नाखाली काय दिसले ते लिहायला दोन ओळी आहेत.

आईला मी तिथून हलवले नाही. हलवून कुठे नेणार होते? घरी एकटी मी, आणि दुसऱ्या जागेचा हिशेबही तोच असणार होता. मी व्यवस्थापकांसमोर एकशे चार मिनिटांचे गणित कागदावर मांडले, इतर चार कुटुंबांना बोलावले, आणि महिन्याभराने त्या मजल्यावर रात्री तिसऱ्या मावशी आल्या. ज्यांनी आगाऊ सह्या केल्या होत्या त्या मावशींनी आईच्याच जुन्या सुती नऊवारीची एक लांबट उशी शिवली. ती पोटरीखाली ठेवायची, म्हणजे टाच गादीला न टेकता अधांतरी राहते. हे त्यांना कुणी शिकवले नव्हते. गावी सासूला असे करायचो, म्हणाल्या. कोरडी घट्ट खपली आम्ही ओढली नाही, तिला तशीच राहू दिली. आई गेली तेव्हा ती कडेने सुटू लागली होती.

पुस्तिकेच्या पहिल्या पानावरचा पहिला प्रश्न टाचेचा आहे. तो तिथे माझ्या आग्रहावरून आला. त्याच्या शेजारचे चित्र त्या उशीवरून काढले आहे.